दोन सेकंद मागं पडणारं घड्याळ

नगरच्या त्या कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये, गहिनीनाथ गर्जे सत्तावीस वर्षं अटेंडंट आहे. पोरं त्याला मामा म्हणतात. पाथर्डीकडच्या, दर साली उसतोडीला जाणाऱ्या घरातून तो बारावी सायन्स करून इथे आला, तेव्हा इथली माणसं केवढी शहाणी असतील या धाकाने पहिले सहा महिने तो मान वर करून बोलला नव्हता. सातव्या महिन्यात त्याला कळलं, की आपण उगाच घाबरलो.

कारण इथे प्रयोग कुणी करतच नाही. प्रयोग उतरवतात. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तपकिरी कव्हरची एक जुनी वही आहे. तिचं नाव ‘आई जर्नल’. कुण्या काळच्या हुशार पोरीने लिहिलेली. दर वर्षी ऐंशी पोरं त्यातलीच रीडिंगं, तोच आलेख, तेच उत्तर उतरवतात. त्या पोरीने एके ठिकाणी आकडा खोडला होता, तर हे बहाद्दर तोही आधी चुकीचा लिहून मग व्यवस्थित खोडतात! खोलीचं तापमान जानेवारीतही सत्तावीस अंश आणि मे महिन्यातही सत्तावीसच. आणि सर लोक एका हाताने मोबाईल कानाला लावून दुसऱ्या हाताने या जर्नलांवर सह्या ठोकतात.

विभागप्रमुख डॉ. वाबळे. यांच्या डोक्यात नवा विचार यावा, तर आधी तिथे एखादा जुना तरी सापडायला हवा, असं गहिनीनाथचं स्पष्ट मत. अशा या माणसाने दोन वर्षांपूर्वी ‘नवविचार कक्ष’ काढला. फीत कापली, पेढे वाटले, फोटो वर पाठवले. ‘प्रश्न विचारा’ असा भलामोठा फ्लेक्स आला, तो नेमका आई जर्नलच्या कपाटावर लागला. खिळे गहिनीनाथनेच ठोकले. त्यानंतर पोरांनी एकच प्रश्न विचारला: सर, सही कधी मिळेल?

मग यंदा सुकन्या आली. काष्टीची, शेतकऱ्याघरची, होस्टेलवर राहणारी. लंबक हलवायचा, झोके मोजायचे, घड्याळ लावायचं आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा, एवढा साधा प्रयोग. आकडा यायला हवा ९.८. या पोरीने आई जर्नलला हात लावला नाही. स्वतः मोजलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा १०.२.

“सर, दहा पूर्णांक दोन येतंय.”

“चुकतंय तुझं,” वाबळे सर म्हणाले.

“कुठं चुकतंय, सर?”

“ते मला काय विचारतेस? नऊ पूर्णांक आठ आण, सही घेऊन जा. पुढच्या शनिवारी जर्नल जमा करायचं आहे. सही नाही, तर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही.”

म्हणजे वर्ष गेलं. नवविचार कक्षाच्या अध्यक्षांना एका ओळीचा प्रश्न पेलला नाही. दारात उभ्या गहिनीनाथला त्यांची कीव आली, पण फार वेळ नाही.

सुकन्या रडली नाही, उतरवायलाही बसली नाही. आठवडाभर दुपारी लॅबमध्ये येऊन ती एकेक वस्तू तपासत राहिली. दोरा मोजला. पट्टी दुसऱ्या पट्टीशी लावून पाहिली. शेवटी शुक्रवारी तिने लॅबचं किल्लीचं घड्याळ मोबाईलशेजारी ठेवलं.

“मामा, हे बघा. शंभर सेकंदांना दोन सेकंद मागं पडतंय. सगळा घोळ ह्याचा आहे.”

“व्हय. मला म्हाईत हाय.”

“कधीपासून?”

“अकरा वर्सं झाली आसतील.”

ती त्याच्याकडे वळली. “आणि तुम्ही कुणालाच बोलला नाहीत?”

अटेंडंटचं कोण ऐकतंय पोरी, हे उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं. पण ते बोलायची त्याला लाज वाटली. सत्तावीस वर्षं तो या लोकांना मनातल्या मनात शिव्या घालत होता, आणि रोज सकाळी तेच घड्याळ पुसून टेबलावर मांडत होता.

शनिवारी सकाळी त्याने वरचा कप्पा उघडला. तिथे बारा नवी डिजिटल घड्याळं होती, कागदी पट्टी डकवून, शिक्का मारून सील केलेली. तपासणी समिती आली की मांडायची, गेली की पुन्हा आत. गहिनीनाथने पट्टी टरकन फाडली आणि एक घड्याळ सुकन्याच्या हातात दिलं.

“घे. झोकं मी मोजतो.”

तो मोठ्याने मोजत होता, ती घड्याळ बघत होती. तीनदा केलं. तिन्ही वेळा ९.८.

सुकन्याने जर्नलमध्ये सगळं लिहिलं. जुन्या घड्याळाची रीडिंगं, नव्याची रीडिंगं, फरक कशाने पडला, किती पडला. पूर्ण दोन पानं. वाबळे सरांनी ती दोन पानं चाळली नाहीत. बोट थेट शेवटच्या ओळीवर नेलं.

“आलं की नाही नऊ पूर्णांक आठ? उगाच आठ दिवस वाद घातलास.” आणि सही केली. “ही मधली दोन पानं काढून टाक. बाहेरून परीक्षक येतात, त्यांचा गोंधळ होतो.”

सुकन्याने पानं काढली नाहीत. ती तशीच ठेवून परीक्षेला बसणार, असं तिने मामाला सांगितलं.

सोमवारी गहिनीनाथच्या हातात ‘कारणे दाखवा’ नोटीस पडली. सील विनापरवानगी का तोडले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. त्याने ती दोनदा वाचली आणि मोठ्याने हसला. सत्तावीस वर्षांत या विभागाने पहिल्यांदा कुणाला तरी ‘का’ म्हणून विचारलं होतं!

त्याने कपाटातून कोरा कागद घेतला आणि शाळेतल्या प्रयोगवहीत लिहितात तसं लिहायला बसला. उद्देश: घड्याळ बरोबर चालते का ते पाहणे. साहित्य: घड्याळे दोन, लंबक एक. कृती लिहिली, निरीक्षणं लिहिली, सुकन्याचे आकडे जसेच्या तसे मांडले. उरला निष्कर्ष. मग त्याने लिहिलं:

घड्याळ अकरा वर्षे मागे पडत होते. मला माहीत होते. मी बोललो नाही.

खाली त्याने सही केली, तारीख घातली आणि कागद स्वतः नेऊन वाबळे सरांच्या टेबलावर ठेवला.