पाट्याचा धागा चार विभागांत

माझी आई आमच्याकडे राहायला आली नाही, आणि तिला जाऊ नका असं सांगणारा माणूस मीच आहे. याचा लेखी पुरावा एका मराठी चर्चास्थळावर चार विभागांत उपलब्ध आहे.

चारपैकी तीन विभागांत तो मीच डकवला, हेही सांगून टाकतो. मी त्या चर्चास्थळाचा नियंत्रक आहे. पद बिनपगारी, पण अधिकार मोठा. लोक धागे काढतात, म्हणजे प्रश्न टाकून चर्चा सुरू करतात, आणि ते योग्य विभागात आहेत की नाहीत हे मी बघतो. पाककृतीत कुणी पित्तावर उपाय विचारला, तर तो धागा मी आरोग्यातही लावतो. याला आम्ही क्रॉसपोस्ट म्हणतो. ऑफिसात माझ्या सहीवाचून एकही कागद अडत नाही, त्यामुळे हे काम मी फार मनापासून करतो आणि त्याचे किस्से आईला फोनवर ऐकवतो. तिथलं 'शिस्तप्रिय' हे नाव मी स्वतःच घेतलंय. माझी बायको वीणा म्हणते, "ओला टॉवेल कुठल्या विभागात टाकायचा ते आधी शीक."

आई घाटकोपरला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. आम्ही मुलुंडला, बाराव्या मजल्यावर. बाबा गेल्यापासून मी तिच्या मागे लागलो होतो. त्यात मागच्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली. फारसं लागलं नाही, पण तासभर तिथेच बसून होती आणि मला तीन दिवसांनी सांगितलं. तेव्हापासून तिचा फोन अवेळी आला की मी उचलायच्या आधी चपला शोधायला लागतो. म्हणून मी आमच्या छोट्या खोलीला रंग दिला, नवा पलंग आणला आणि तिला सांगितलं, "इथे सगळं आहे. तू फक्त कपडे घेऊन ये." ती "बरं" म्हणाली. एवढ्याशा 'बरं'वर मी टेम्पोवाल्याशीही बोलून ठेवलं.

त्याच आठवड्यात 'सुरंगी' नावाच्या नव्या सदस्येने पाककृती विभागात धागा काढला. तिने लिहिलं होतं: "मुलगा आपल्याकडे राहायला बोलावतो आहे. तो फार मोठ्या हुद्द्यावर आहे. सून अतिशय गुणी आहे. माझ्याकडे सासूबाईंचा पाटा-वरवंटा आहे. मुलाच्या बारशात याच वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याभोवती फिरवला होता. रोजचं वाटण मी अजून त्यावरच वाटते. मुलगा म्हणतो, फक्त कपडे घेऊन ये. उंच इमारतीत पाटा चालतो का? न्यावा की नाही?"

एखाद्या शहाण्या माणसाने इथेच आईला फोन लावला असता. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की हा प्रश्न पाककृतीचा नाही. माझ्या बचावाचे मुद्दे आहेत. एक तर मी मोठ्या हुद्द्यावर नाही. (आणि वीणाला सासूबाई गुणी म्हणाल्याचं तिने स्वतः आजवर ऐकलेलं नाही.) शिवाय आई घरात मालवणी बोलते. ती तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती हे मला माहीत होतं, पण तिने लिहिलेलं मी किराणाच्या यादीपलीकडे कधी वाचलंच नव्हतं. मी कधी लांब राहायला गेलो नाही, त्यामुळे मला पत्र लिहायची वेळ तिच्यावर आली नाही.

तर मी कामाला लागलो. इमारतीचा उल्लेख आहे म्हणून धागा 'सोसायटी आणि कायदा'त लावला. खाली बसून वाटायचं म्हणजे गुडघे आले, म्हणून 'आरोग्य'मध्ये लावला. मुलगा-सून आहेत म्हणून 'नातीगोती'त लावला. सोसायटीवाल्यांनी खालच्या मजल्याची लेखी संमती मागितली. एकाने पाट्याखाली रबरी मॅट घाला म्हटलं, दुसऱ्याने मॅटने पाटा सरकतो असा आक्षेप घेतला, आणि ते दोघे नंतर एकमेकांच्या शिक्षणावर घसरले. आरोग्यवाल्यांनी ओट्यावर ठेवून उभ्याने वाटा असं सुचवलं आणि जाता जाता न्हाणीघरात आधाराला दांडी बसवून घ्या असंही सांगितलं. पाककृतीत खोबरं भाजावं की नाही यावर दोन तट पडले. सुरंगीबाई बिचाऱ्या चारही ठिकाणी फिरून प्रत्येकाचे आभार मानत होत्या. शेवटी त्यांनी मला लिहिलं, "नियंत्रक महोदय, मी प्रश्न एकाच ठिकाणी विचारला होता. माझं काही चुकलं का?" मी उत्तर दिलं, "आपला विषय अनेक विभागांशी निगडित आहे, याची नोंद घ्यावी." जन्मदात्या आईला मी 'नोंद घ्यावी' म्हणालो!

या सगळ्या गदारोळात नातीगोतीतल्या एका मुलीने फक्त एक ओळ लिहिली होती. "काकू, तुम्हाला जायचंय का?"

दोन दिवसांनी सुरंगीबाईंनी लिहिलं, "हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं."

ते वाचून मला खरंच वाईट वाटलं, आणि त्या मुलाचा राग आला. फक्त कपडे घेऊन ये, असं कुणी आईला सांगतं का? आपणही नेमकं हेच सांगितलंय, हे मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण माझी गोष्ट वेगळी होती. (मी खोलीला रंग दिला होता.) मी नियंत्रकपणा बाजूला ठेवला आणि चांगले तीन परिच्छेद लिहिले. पाटा हे निमित्त आहे, तुम्हाला तुमचं घर सोडायचं नाही, मुलाला तोंडावर सांगा, चांगला असेल तर ऐकेल, आणि नसेल तर अशा माणसाकडे राहायला जाऊच नका, असा त्याचा सारांश. पुष्कळांना पटलं. 'नियंत्रक असावा तर असा' असंही कुणीतरी लिहिलं. तो प्रतिसाद मी वीणाला दोनदा वाचून दाखवला.

रविवारी रिकामे खोके घेऊन घाटकोपरला गेलो. आई पाट्यापाशी बसली होती.

"खोके कित्याक?" तिने विचारलं.

"तुझे कपडे भरायला."

"मी येवचंय नाय."

मी समजूत घालायला लागलो. परत घसरलीस तर काय, आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, वीणा आहे. तिने शांतपणे हात धुतले, चष्मा लावला, फोन उघडला आणि मला वाचून दाखवायला लागली. "पाटा हे निमित्त आहे..." म्हणजे सुरंगीबाई माझ्यासमोरच बसल्या होत्या. वर्गात धडा वाचावा तशी ती प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत होती. तीन परिच्छेद मी इतके लांब का लिहिले, असं मला पहिल्यांदाच वाटलं. 'अशा माणसाकडे' आलं तेव्हा तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"माणूस शाणो दिसता," ती म्हणाली. "तुझ्यासारखी घाई नाय त्याका."

आता बोलणार काय? त्या माणसाला अक्कल नाही म्हणावं, तर तो मीच. मीच तो म्हणावं, तर त्यातलं अक्षर न् अक्षर मला लागू. मी खोके खाली ठेवले आणि तिला विचारलं, की तुला आमच्याकडे यायचंय का. बाबा गेल्यापासून मी तिच्याशी या विषयावर बोलत होतो, आणि हे पहिल्यांदाच विचारत होतो.

"नाय रे," ती म्हणाली. "हंय एकटीक भीती वाटता कधी कधी. पण थंय मी पावणी होईन."

मी स्टुलावर चढून रिकामे खोके तिच्या माळ्यावर टाकले. ते अजून तिथेच आहेत.

टेम्पो रद्द केला. न्हाणीघरात दांडी बसवली (आरोग्य विभागाचं श्रेय मान्य करतो). रंगवलेल्या खोलीत आता इस्त्रीचे कपडे राहतात. आणि मी दर रविवारी घाटकोपरला जातो. सुरंगीबाई मात्र मधूनमधून 'शिस्तप्रिय'ला खाजगी संदेश पाठवून सल्ला विचारायला लागल्या. मीही सल्ला देत राहिलो. आई माझं म्हणणं इतकं मन लावून कधी ऐकत नसे, त्यामुळे खरं सांगायचा धीर होईना.

मागच्या रविवारी मी तिच्याकडेच, तिच्यापासून चार हातांवर बसलो होतो. ती तिच्या फोनवर काहीतरी टाइप करत होती. माझा फोन वाजला. सुरंगीबाईंचा संदेश होता: "मुलगा हल्ली दर रविवारी येतो. पण आला की फोनमध्ये डोकं घालून बसतो. काय करावं?"

मी ताबडतोब लिहिलं, "त्याच्या हातातून फोन काढून घ्या."

आई उठली आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. तिने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"पयल्या उत्तरापासून. 'नोंद घ्यावी' म्हणून अजून कोण लिवतलो? तुझे निबंध तपासले कोणी?"

"मग मला सरळ सांगायचं ना."

"सरळ सांगूक गेलंय तर तू मधेच तोडतंस," ती म्हणाली. "थंय शेवटपर्यंत वाचतंस."

तिने माझा फोन तांदळाच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं, खोबऱ्याची वाटी पाट्यावर उपडी केली आणि वरवंटा माझ्यापुढे सरकवला. मी बसलो वाटायला. पंधरा मिनिटांत गुडघे आखडले. हा प्रश्न आरोग्य विभागाचा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण फोन तांदळात होता.