शंकासुराचा फोन

कारखान्यात त्याला दोन नावं होती. तोंडावर ‘दाजी’, पाठीमागे ‘शंकासुर’. मालकांच्या धाकट्या बहिणीचा तो नवरा. मालक दाजी म्हणत, म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळेच त्याला दाजी म्हणत. शंकासुर अशासाठी, की शंका घेणं हाच त्याचा हुद्दा होता. खोलीच्या पाटीवर ‘माहिती सुरक्षा व जोखीम व्यवस्थापन’ असं लिहिलं होतं, पण एवढं लांबलचक नाव घेऊन कोण हाक मारणार?

कारखान्यात कृत्रिम पाय बनत. पाय गेल्यावर जो भाग मागे उरतो तो हळूहळू बारीक होत जातो, कुठे टोचतं, कुठे सैल पडतं. त्यामुळे या धंद्यातलं गिऱ्हाईक जन्माचं असतं आणि त्याची जुनी मापं सोन्याच्या मोलाची. पूर्वी प्रत्येकाचा प्लॅस्टरचा साचा गोदामात उभा असे. मग मालकांनी कॅमेऱ्याने मापं घेऊन कॉम्प्युटरवर चढवली आणि साचे फोडून मागच्या खड्ड्यात भर घातली. मालकांची गाडी हल्ली त्या पायांवर उभी राहते.

“ही मापं गेली तर आपण दुकान बंद करायचं,” शंकासुर प्रत्येक बैठकीत सांगायचा.

“शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात तो नाऱ्या तुम्हीच, दाजी,” मालक म्हणायचे. “आमच्या मांडवाला आग लागलेली तुम्हाला रोज कशी दिसते?”

धोक्याला चार प्रकारे तोंड देता येतं, असं त्याचं शास्त्र सांगतं. तो टाळावा, कमी करावा, दुसऱ्याच्या गळ्यात घालावा, नाहीतर सरळ स्वीकारावा. मालक चौथ्या पंथाचे होते. “स्वीकारला!” असं म्हणून ते बैठक संपवत आणि चहा मागवत.

भांडून भांडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली, एक सुटी डिस्क. रोज ती जोडायची, मापांची प्रत काढायची, वायर उपटायची आणि डिस्क लोखंडी कपाटात ठेवायची. ती जोडलेली असताना त्याने जागा सोडायची नाही, हा त्याचा स्वतःसाठीच केलेला नियम. “वायरीला लागलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे,” तो म्हणे, “त्याच वॉर्डातला दुसरा पेशंट.”

दुसरी गोष्ट म्हणजे सापळे. तो लोकांना खोट्या मेल पाठवायचा. ‘तुमची सुट्टी मंजूर झाली आहे, येथे दाबा.’ जो दाबेल त्याला तासभर शंकासुराच्या वर्गात बसावं लागे आणि काचेच्या दारातून बाकीचे त्याला वेडावून दाखवत. उलट सापळा ओळखून जो “पकडला!” असं ओरडेल त्याला एक पेन मिळे. पेनं बरी होती. थोड्याच काळात कारखाना इतका हुशार झाला, की खरीखुरी सुट्टी मंजूर झाली तरी लोक “पकडला!” म्हणून कामावर हजर राहू लागले.

एकदा खुद्द मालक सापडले. व्यापारी संघाच्या अंकात आपला फोटो छापून आल्याचं वाचून त्यांनी दाबलं. ते वर्गात बसले नाहीत, पण त्या रविवारी बहिणीकडे जेवायलाही आले नाहीत.

“माझ्या दादाला सापळे लावता? उंदीर आहे का तो?” बायको म्हणाली.

तेव्हापासून मालकांना सापळा जाईनासा झाला. घरातल्या शांततेसाठी एवढा धोका त्याने स्वीकारला. आयुष्यात पहिल्यांदाच.

शेवटचा वर्ग टेलिफोनवरच्या फसवणुकीबद्दल झाला. “घाई, हुद्दा आणि भीती,” त्याने समजावलं. “या तिघी बहिणी एकत्र आल्या की चोर आला समजा. नंबर ओळखीचा दिसला म्हणून माणूस ओळखीचा नसतो. हल्ली आवाजही बनवता येतो. सरळ फोन ठेवून द्यायचा. मी असलो तरी.”

“आणि खरंच तुम्हीच असलात तर?” रिसेप्शनवरच्या ताईंनी विचारलं.

“तरीही.”

पुढल्याच आठवड्यात त्याची दाढ ठणकायला लागली. डिस्क जोडलेली होती, प्रत निघत होती आणि त्या दिवशी काही केल्या संपत नव्हती. दाताच्या डॉक्टरांनी मधलीच वेळ दिली होती. त्याने पडद्याकडे पाहिलं, गाल दाबून धरला आणि डिस्क तशीच ठेवून तो गेला.

तो खुर्चीत आडवा, जबडा इंजेक्शनने बधिर, तेवढ्यात मोबाइलवर इशारा आला. कारखान्यातल्या फायली एकामागून एक नाव बदलत होत्या, कुलूपबंद होत होत्या. कुणा पुरवठादाराच्या नावाने आलेली मेल मालकांनी उघडली होती. त्यांना कित्येक महिन्यांत सापळा आलेला नव्हता. मेल उघडायची म्हणजे भ्यायचं, हे ते विसरून गेले होते.

त्याने ताईंना फोन लावला.

“थाई, नी दाजी भोलतोय! शगळी कॉन्प्युटर भंद करा! आत्ताच्या आत्ता!”

“कोण बोलतंय?”

“दाजी! नालकांना शांगा! शगळं जाईल!”

ताईंनी शांतपणे हिशेब मांडला. घाई होती. हुद्दा होता. भीती तर ओसंडून वाहत होती. नंबर दाजींचाच होता, पण त्याचा अर्थ काय ते दाजींनीच शिकवलं होतं. आवाज मात्र, त्यांच्या मते, चोराला नीट बनवता आला नव्हता.

“पकडला!” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग इमानदारीत सगळ्या खात्यांना कळवलं, की दाजींच्या नावाने फोन आला तर घेऊ नका. त्याने पुन्हा पुन्हा फोन केले. लेखा विभागाने घेतला नाही, मापांच्या खोलीने घेतला नाही, मालकांनी तर कापला. त्याच्या शिकवणीप्रमाणे अख्खा कारखाना एकदिलाने वागल्याचा तो एकमेव प्रसंग.

गालात कापूस धरून तो धावत पोचला तेव्हा ताई पेन मागायला उठल्या. त्याचं तोंड बघून त्या पुन्हा खाली बसल्या.

मापं गेली होती. वायरीला लागलेली डिस्कही गेली होती. चोरांनी खंडणी मागितली, मालकांनी दिली, किल्ली आली. त्या किल्लीने एकच फोल्डर उघडलं. त्यात शंकासुराच्या वर्गातली चित्रं होती.

“डिस्क जोडून का गेलात?” मालकांनी विचारलं.

“दाढ दुखत होती.”

“दाजी, तुमची एक दाढ गेली. माझे किती पाय गेले?”

बहिणीचा नवरा, म्हणून त्याला काढता येत नव्हतं. मालकांनी त्याला मापांच्या रिकाम्या खोलीत टेबल दिलं, त्यावर फोन आणि जुनी पावतीपुस्तकं दिली. जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून नव्याने मापं घ्यायची, तोवर जमेल तितका कारखाना चालवायचा. लोक आले तर दुकान राहील, नाहीतर नाही. कारागीर आता निम्मेच उरले होते. ते मधूनमधून दारात येऊन उभे राहत, फोनकडे बघून परत जात.

“नमस्कार काकू. कारखान्यातून बोलतोय. तुमच्या डाव्या पायाचं माप पुन्हा लागेल. जरा लवकर आलात तर बरं.”

“माप तर तुमच्याकडे आहे.”

“होतं. गेलं.”

“असं कसं गेलं? आणि घाई कसली एवढी? कोण तुम्ही?”

“मी इथला अधिकारी.”

“अहो, टीव्हीवर सांगतात ते ऐकतो आम्ही. म्हातारी आहे म्हणून फसवता होय? पाय गेलाय माझा, डोकं नाही गेलं!”

“बरोबर आहे, काकू,” तो म्हणाला. “असंच करायचं. ठेवा फोन.”

पलीकडून फोन आधीच ठेवला गेला होता. त्याने पुढचा नंबर लावला.