व्हाइसमधला गरुड

"आरं, ठिवायच्या आधी सांग, कुटं गावलं तुला? का घरीच बाळंत झालास?"

"पावाच्या दुकानात. सुट्टं परत दिलं त्यात आलं."

"म्हंजे इमानानं मिळवलंस. दाजी, तब्येत बरी हाय न्हवं?" गिंतर म्हणाला.

टेबलाभोवतीची माणसं खिदळली. गिंतरच्या बहिणीचा नवरा राइनोल्ड बुला हसला नाही. मुठीतलं नाणं, एक झ्लोटी, त्यानं अजून सोडलं नव्हतं.

पोलंडातल्या बितोमच्या रविवारच्या बाजारात गिंतर गायदाचं टेबल कोपऱ्यात, रक्ताची सॉसेजं तळणाऱ्या गाड्याला लागून. उभा जन्म कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. तोंड असं की शेजारी पाऊल मोजून टाकायचे. टाकसाळीत चुकलेल्या झ्लोटीपायी नाणी जमवणारे खुळे होतात आणि ट्रामखाली चेपलेलीला कुत्रंही हुंगत नाही. नुसत्या डोळ्याला मात्र दोन्ही सारख्याच वाकड्या. कुठली कुठली, ते गिंतरनं सांगायचं. मागाहून हातानं बिघडवलेली निघाली की तिच्या कडेला तो कानशीनं खाच पाडायचा, पुन्हा कुणाच्या गळ्यात मारता येऊ नये म्हणून. टेबलावर ठेवली की खाच कबूल, असा रिवाजच पडला होता.

हा रिवाज पडला तो या दाजीमुळंच. दोन नाणी एकावर एक व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दाबून केलेला माल त्यानं 'गिंतरनं पारखलेला' म्हणून खपवला. तेव्हापासून राइनोल्डला बाजारात टेबल मिळत नव्हतं. त्याच्या एखाद्या नाण्याला गिंतर 'खरं' म्हणाला, तरच परत मिळणार होतं.

"ठिवतूस का जातूस?"

राइनोल्डनं ठेवली.

गिंतरनं भिंग डोळ्याला लावलं. एका अंगाला मुकुटवाला गरुड, उठावाचा. पालथी केली. एकचा आकडा असायचा तिथं पुन्हा गरुडच, पण आत खचलेला, तोंड उलट्या दिशेला. व्हाइसच्या मालात दाबाखाली जुना आकडा चेपून तरी उरतोच. इथं त्याचा मागमूस नव्हता. टाकसाळीत आधीची झ्लोटी ठशाला चिकटून राहिली होती आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर तिचाच घाव बसला होता. पन्नास वर्षं ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलं ते गिंतरच्या हातात होतं, आणि आणलं होतं कुणी, तर या मेल्यानं.

मग त्यानं ती आडवी धरली. असली झ्लोटी बशीसारखी खोलगट असते. ही सपाट होती, पाटासारखी. कडेवर बारीक दातांची जाळी उमटली होती. उठावाच्या गरुडाची छाती घासून चकचकीत झालेली.

"दाजी, व्हाइसात घातलीस ही."

"खरी हाय ती!"

"खरी व्हती. टाकसाळीत चुकली ती खरीच. पर मागनं तू बिघडवलीस."

"वाकडी व्हती, म्हून सरळ केली!"

"तुला सांगितलं कुनी सरळ करायला?"

"तू!" राइनोल्ड किंचाळला. "वाकडं नानं दिसलं की बघायच्या आधी भुंकतूस तू. समद्या बाजारानं ऐकलंय. तुझ्या भ्यानं सरळ केली मी!"

मागून अंडी विकणारी हिल्डा म्हणाली, "जाऊ द्या की गिंतरमामा. खरी हाय म्हनता नव्हं?"

"तुझी झ्लोटी कानसली तवा तू बी रडलीस. मग ह्येला का सोडू? भनीचा नवरा म्हून?"

"सोड," राइनोल्ड म्हणाला. "टेबल नगं मला. नानं दे."

"टेबलावर ठिवलंस."

गिंतरनं कानस उचलली. एरवी एका ओढीत काम व्हायचं; आज दोन लागल्या. खाच पडलेली झ्लोटी त्यानं बोटानं पलीकडं ढकलली. राइनोल्डनं ती घेतली, गिंतरच्या बुटाजवळ थुंकला आणि गर्दीतून निघून गेला.

"म्होरचं कोन हाय?"

पुढं उभ्या गड्यानं खिशात घातलेला हात खिशातच ठेवला. "माझं कायबी न्हाई, मामा. नुसता बघत व्हतो." त्याच्या मागचे दोघंही सॉसेजच्या गाड्याकडं वळले.

"मग उजेड आडवू नका, भाड्यांनो," गिंतर म्हणाला. बँकेतून आणलेल्या सुट्ट्यांची पिशवी त्यानं टेबलावर उपडी केली आणि एकेक झ्लोटी पालथी करून खचलेला गरुड शोधायला लागला.