नागपूरच्या डब्यांवरचा कर

नवरा सरकारी कचेरीतून निवृत्त झाला आणि मी नागपूरच्या सीमेपलीकडच्या हिंदी राज्यात, आमच्या नेहरू नगरच्या घरात पुढच्या खोलीत फराळाचा धंदा सुरू केला. चकल्या, अनारसे, चिवडा. एवढ्याशा विक्रीला जीएसटी नोंदणी लागत नाही, असं वकिलानं सांगितलं होतं. पण नवऱ्याची हयात नियमांत गेलेली. त्यानं नोंदणी करायला लावली, तीही लहान धंद्यांच्या सवलतीत. विक्रीवर थोडासा कर आपल्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही. मला पटलं. कमावते तर भरीन, त्यात काय.

दुसऱ्या दिवाळीला नागपूरच्या नणंदेनं तिच्या भिशीतल्या बायकांसाठी चाळीस डबे मागवले. मी रीतसर बिलं केली आणि वर्षाच्या विवरणात ती विक्री स्वतःच्या हातानं लिहिली. सवलतीत राज्याबाहेर माल विकता येत नाही, हे आम्ही दोघांनीही वाचलं होतं. पण नागपूर राज्याबाहेर आहे, हे डोक्यातच आलं नाही. आमची लग्नं तिथली, बारशी तिथली. नागपूरला जाणं म्हणजे आमच्यासाठी घरी जाणं.

मग नोटीस आली. त्या डब्यांपासून सवलत रद्द, पुढच्या सगळ्या विक्रीवर पूर्ण कर, वर व्याज आणि दंड. ज्यांनी चकल्या खाऊन संपवल्या, त्यांच्याकडे तो कर मागायला मी कुठे जाणार होते? दोन दिवाळ्यांची कमाई त्यात गेली. मी वकिलाला म्हटलं, मला उरतं किती ते बघून कर घ्या ना, डबा कुठे गेला ते काय बघता? त्यानं चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "आंटीजी, नागपूर का बिल बनाया ही क्यों?"

संताप झाला. त्याचा नाही, कारण तो बरोबर बोलत होता.

नोंदणी आम्ही रद्द केली, पाटी उतरवली. फराळ अजून करते. नागपूरलाही जातो, कुणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या सामानात, बिलाशिवाय. सरकारला माझ्याकडून आता एक रुपया मिळत नाही आणि नोटीसही येत नाही. फक्त दारावरची बेल वाजली की मी आधी पडद्याआडून बघते.