दिघोरीच्या मंडईत गिळलेलं वाक्य

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही – आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, असा तिचा समज आहे. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला मध्येच अडवणार नाही. अडवलंत तर पुन्हा सुरू करेन की नाही, सांगता येत नाही.

मी भंडाऱ्याला अभिनय शिकवतो. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर लवकरच आमच्या कॉलेजात विद्यापीठाचा नाट्यवर्ग सुरू झाला, आणि तेव्हापासून मी तिथेच आहे. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना एक गोष्ट सांगतो. माझा एक विद्यार्थी दिघोरीच्या मंडईत नाटकाला उभा राहिला, ऐन प्रवेशात वाक्य विसरला आणि अख्ख्या गावासमोर मुका झाला. पाठांतर नसलं की असं होतं! मुलं हसतात. मी त्याची नक्कलही करतो – तोंड उघडं, हात अर्धा वर. चांगली करतो. गोष्टीतून फक्त एक माणूस मी गाळतो.

विद्यार्थ्याचं नाव हेमराज. आंधळगावच्या विणकराचा मुलगा. घरी मागाची खटखट, त्यामुळे त्याला हळू बोलणं जमायचंच नाही. मी त्याला घासूनपुसून तयार केला. युवा महोत्सवासाठी एकांकिका लिहिली ती त्याला समोर ठेवून. आणि महोत्सव तोंडावर आला असताना हे साहेब मला सोडून मंडईच्या नाटक कंपनीत गेले!

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. ते कसं होतं, ठाऊक आहे? नट संध्याकाळी गोळा होतात. तालीम जवळजवळ नाहीच. मंचाच्या पुढच्या काठाला मधोमध एक खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर बसतो आणि प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य आधी तो खालून बोलतो. नट ते कानाने उचलतो. मी वर्गात याची यथेच्छ टिंगल करायचो – ऐकून बोलणं हा कुठला अभिनय? आणि माझा लाडका विद्यार्थी नेमकं तेच करायला गेला. एकांकिका मागे घ्यावी लागली. त्याने मला दगा दिला, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. स्टाफरूममधले लोक घरात कुणी आजारी असावं तशी माझी विचारपूस करायचे.

मग तो बोलवायला आला. "सर, दिघोरीले पहिला मोठा रोल हाय. मालक म्हणते, जमलं तं पूरा सीझन तुलेच घेतो. तुमी या ना सर."

मी गेलो. का गेलो? आशीर्वाद द्यायला? नाही हो – तो पडलेला बघायला.

पोचलो तर मंडपामागे गोंधळ. प्रॉम्प्टर तापाने फणफणलेला, घशातून शब्द फुटेना. मालक डोक्याला हात लावून बसलेले. मला बघून हेमराजचा चेहरा खुलला. "आमचे सर हायेत ना! थे बसतीन खड्ड्यात. त्यायच्यासारखा आवाज कोणाचा हाय?" माझ्या आवाजाचं कुणी कौतुक केलं की मी कुठेही बसतो. बसलो.

दोन अंक उत्तम गेले. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला मजा येत होती. मी वाक्य सुरू करायचो आणि त्याचा शेवट हेमराजला आधीच कळलेला असायचा. माझ्याच आवाजावर तयार झालेला कान तो! मी ज्याची टिंगल करत होतो ते हेच होतं का?

तिसऱ्या अंकात बाप मुलाला चारचौघांत विचारतो – घर सोडून का गेलास? मुलगा एका वाक्यात उत्तर देतो आणि बाप खाली बसतो. सगळं नाटक त्या वाक्यासाठी. मी नजरेने एक ओळ पुढे असायचो, म्हणून ते मला आधी दिसलं. आणि झोंबलं. हा ते मला ऐकवणार – माझ्याच तोंडून घेऊन, मलाच –

मी बोललो नाही.

पान चिकटलं नव्हतं. दिवा गेला नव्हता. माझं बोट त्या ओळीवर होतं.

हेमराज थांबला. मग पुढे आला, गुडघे टेकले, खाली वाकला. अडलात तरी पात्र सोडू नका, हे मीच शिकवलेलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मी पानाकडे. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "अबे, घरी जाय!" शेवटी पेटीवाल्याने गाणं उचललं, आणि आईचं काम करणाऱ्या बाईंनी त्याला हाताला धरून आत नेलं.

आत मालकाने त्याला फाडून खाल्लं. मी तिथेच होतो, हातात चहा घेऊन. हेमराज म्हणाला, "सरायची चूक नाही. मलेच आयकू नाही आलं." मी चहा प्यालो. सीझन दुसऱ्या कुणाला मिळाला. हेमराज वर्गात परत आला नाही, आणि पुढे कधी मंचावरही चढला नाही.

अजून एक राहिलं. तो मला सोडून गेला, हेही मी पसरवलेलं. तो दोन्ही करायला तयार होता. "तुमची तालीम नाही चुकवत, सर," असं अक्षरशः विनवत होता. मीच म्हटलं, तिकडे पाय ठेवलास तर इथे तोंड दाखवू नकोस. यात दगा कुणी कुणाला दिला?

यंदाही पहिल्या तासाला मी ती गोष्ट सांगितली. नक्कल केली. एक मुलगी सोडून सगळे हसले. तास संपल्यावर ती जवळ आली. हेमराजची भाची.

"सर, थे माये मामा हायेत. मामा सांगते का त्या राती तुमचा आवाजच बसला होता. तुमालेच लय वाईट वाटलं असन, म्हणून सरांले कधी विचारू नोको म्हणे."

ती चिडली नव्हती. माझीच समजूत घालत होती. खड्ड्यातल्या दिव्याच्या उजेडात हेमराजने माझे ओठ पाहिले होते. आवाज बसलेला माणूस निदान ओठ तरी हलवतो.

मी म्हटलं, "हो. बसला होता."

बसला नव्हता. ठणठणीत होता. ते वाक्य मला अजून पाठ आहे –

"बाबा, घर मी नाही सोडलं. दार तुम्ही लावलं."