विर्योबाबांनी धुतलेली गाडी

आमच्या डोंगरात माती थोडी आणि चुनखडी फार. दगडांच्या फटीत कसावा लावायचा, साग उगवेल तिथे उगवू द्यायचा आणि पोरं मोठी झाली की त्यांना योग्याकर्ता शहराच्या बसमध्ये बसवून द्यायचं. त्या बसमध्ये जी कधी बसली नाही, ती पार्तिनी. गावच्या शाळेत ती गणित शिकवायची. इतकी वर्षं शिकवलं, पण कायम कधी झाली नाही. पोरं तिला बू म्हणत, म्हणजे बाई. शाळेच्या फाटकाशी मी कसाव्याची भजी तळायची, त्यामुळे तिचं येणं-जाणं माझ्या कढईसमोरूनच.

शाळा बंद पडायला आली होती. टेकडीपलीकडच्या शाळेत रोबोचा वर्ग निघाला होता आणि आईबाप पोरांना तिकडे घालत होते. यंदा नवी मुलं आली नाहीत तर आपली शाळा त्या शाळेत मिळवायची, असा हुकूम वरून आला होता. तिकडे पार्तिनीला कुणी घेणार नव्हतं. पालकांना एक दिवस बोलावून शाळा दाखवायची, एवढीच आशा उरली होती.

तिने पोस्टाने एक खोकं मागवलं. त्यात प्लास्टिकच्या दोन पाट्या, दोन मोटारी, दोन चाकं, वाटेल तिकडे वळणारं एक छोटं चाक, आणि तारांचा गुंता. घरच्या ओसरीवर बसून ती पाट्यांवरचा कागद नखाने सोलू लागली. तिचे वडील, विर्योबाबा, शेजारी खांबाला टेकून बसले होते. आमच्या गावातल्या जुन्या कट्यारी तेच सांभाळतात.

"खेळणं का गं हे?"

"रोबो आहे, बाबा. काळ्या रेषेवरून आपला आपण चालतो."

"बैलही चाकोरीतून चालतो. वर शेण देतो."

"हा नाही देत. अंगण झाडायचं तेवढंच कमी."

तिने तारांना डाख लावला, बोटं भाजून घेतली. पहिल्यांदा बटण दाबलं तर एक चाक पुढे आणि दुसरं मागे. गाडी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली.

"तुझ्या मावशीवर गेलीय," बाबा म्हणाले. "घरातून निघायचंय, पण कुठे ते ठरत नाही."

तिने एका मोटारीच्या तारा उलटसुलट केल्या. मग रेषा ओळखणारे डोळे पुढे बसवले आणि त्यांचे बारीक स्क्रू फिरवत बसली. जरा जास्त फिरला की गाडी आंधळी, जरा कमी की सगळी फरशीच तिला काळी. किती संध्याकाळी त्यात गेल्या. आणि एका दुपारी ओसरीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून गाडी सरळ गेली, वळणाशी थबकली, चाचपडली आणि वळली.

बाबांची थट्टा थांबली. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"शुक्रवार. आणि बाजाराच्या पाच वारांतला क्लिवोन."

"मग जन्म चांगल्या दिवशी झाला हिचा."

तेव्हापासून ते गाडीवरून पाय ओलांडून जाईनात. पण पालकांना बोलावायची तारीख आली ती नेमकी सुरो महिन्यात. बाबांचा चेहरा उतरला.

"सुरोत आम्ही पोरीचं लग्न करत नाही, घराची वीट ठेवत नाही. आणि तू शाळेचं नशीब पणाला लावतेस?"

"तारीख वरून आलीय, बाबा. माझ्या हातात काय आहे? माझं सगळं आता या गाडीवर."

हे शेवटचं वाक्य म्हाताऱ्याने मनात धरलं.

आदल्या दिवशी पार्तिनी शाळेच्या सभागृहात काळी पट्टी चिकटवायला गेली. परतताना तिची सामानाची टोपली उचलायला मी तिच्यासोबत होते. ओसरीवर पांढरं कापड अंथरलेलं. त्यावर त्या जुन्या कट्यारी ओळीने मांडलेल्या, दर सुरोत धुतात तशा धुतलेल्या. आणि त्यांच्या शेजारी गाडी. तीही धुतलेली, चंदनाच्या तेलाने चमकणारी. चाकाच्या दात्यांत मोगऱ्याची एक पाकळी अडकली होती.

"आधी नारळाच्या पाण्यात ठेवली," बाबा सांगू लागले. "मग लिंबू चोळलं, फुलांच्या पाण्यातून काढली. कट्यारीला जे केलं ते सगळं हिला केलं, काही कमी नाही ठेवलं. फुलं तुझ्या आईच्या झाडाची. आता सुरो काही करणार नाही तिला. दाब की बटण."

पार्तिनीने गाडी उचलली. मग म्हणाली, "उद्या दाबू, बाबा. आज तिला निजू द्या."

परसात जाऊन तिने गाडी खोलली. उन्हात वाळवली, स्पिरिटने पुसली, सेल बदलले. डाखाभोवती हिरवट बुरशीसारखं काही चढू लागलं होतं. शहरातल्या दुकानाला फोन केला. नव्या भागांचं पार्सल पोचेपर्यंत पालक येऊन गेले असते. ती पाठमोरी बसून होती. मला म्हणाली, "यातलं काही बाबांच्या कानावर घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं; बाबा कट्यारींपाशी घरीच राहिले. पार्तिनीने गाडी रेषेवर ठेवली, बटण दाबलं. दिवासुद्धा लागला नाही. पुन्हा दाबलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडे तसं हसत नाहीत. एक आई म्हणाली, "चमकते किती सुंदर." दुसरी म्हणाली, "वासही छान येतो, बू." सगळ्यांनी माझी भजी खाल्ली, दोन्ही हातांनी पार्तिनीचा हात धरला आणि म्हणाले, "नाव घालूच की पोराचं." तोंडावर नाही म्हणणं आमच्या डोंगरात कुणाला जमत नाही. नावं टेकडीपलीकडे गेली.

शाळेला कुलूप लागलं. आता पार्तिनी माझ्या शेजारी बसून कसावा सोलते. गणिताचं नाव काढत नाही.

यंदाच्या सुरोत त्यांच्या ओसरीवर पुन्हा पांढरं कापड अंथरलं गेलं. मी फुलं द्यायला गेले होते.

"गाडी आण गं," बाबा म्हणाले.

तिने आणून दिली. त्यांनी ती नारळाच्या पाण्यात हळूच सोडली आणि अंगठ्याने चाक चोळलं. चाक हललं नाही.

"त्या दिवशी अख्ख्या सभागृहात चालून दाखवलं हिने, तू सांगितलंस ना," ते म्हणाले. "तरी शाळा गेली. माणसांनाच डोळे नाहीत."

"हो, बाबा," पार्तिनी म्हणाली आणि लिंबू कापायला घेतलं.