मागं फिरणारी बाद

बक्षिसाचा मिक्सर आमच्या फळीवर अजून खोक्यातच आहे. दोन वर्षं झाली. चटणी मी पाट्यावरच वाटते, आणि नवरा अधूनमधून विचारतो, "ते काय पूजेला ठेवलंय का?" मी पाटा धुवायला घेते. सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागतं, आणि त्यातला निम्मा दोष माझ्याच पदरात पडतो.

आम्ही सहा जणी सावड करायचो. राहात्याजवळ गाव, प्रत्येकीचं रान थोडंथोडं. आज सगळ्या तुझ्या रानात, उद्या माझ्या, मजुरीचा विषय नाही. सोयाबीनच्या खुरपणीला एकीने दोन ओळी धरायच्या, ती तिची पात. जिची पात आधी संपेल तिने बांधावर जाऊन बसायचं नाही. उलट फिरायचं आणि जी मागे राहिली असेल तिच्या पातीला समोरून लागायचं. दोघी मधे भेटल्या की उठायचं. मग सगळ्या मिळून पाणी प्यायचं. हा नियम कुणी केला होता ते मला ठाऊक नाही, मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसंच होतं.

मागे राहणारी ठरलेली असायची. आमच्यात सगळ्यात मोठी, सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. मूळची पाथर्डीकडची. ऊसतोडीला जाऊन जाऊन गुडघे गेले, नवराही गेला, आणि त्या कष्टातून इकडे एक-दीड एकर रान तेवढं झालं. बसलेली उठायची तर जमिनीला हात टेकावा लागायचा. पण खुरपावं तर तिनंच. लव्हाळा वरून छाटायची नाही, खुरप्याचं टोक घालून, ज्यातून तो पुन्हा फुटतो ती खालची गाठ उपसायची. "गाठ ठिवायची तर मग उन्हात कशाला बसायचं गं?" म्हणायची. माझं सिझर झालं त्या वर्षी मला धड वाकता येत नव्हतं, तरी मी सावडीला जायची. तेव्हा ही बाई आपली पात धरून माझ्या ओळीतलंही तण काढत चालायची. कधी बोलून दाखवलं नाही.

मग एका श्रावणात बाजारातल्या एका खत-औषधांच्या दुकानदाराने बायकांसाठी खुरपणीची स्पर्धा काढली. तणनाशक विकणाऱ्याने खुरपणीची स्पर्धा भरवायची, आता बोला. बॅनर दिसावा म्हणून त्याला रस्त्याकडेचं रान हवं होतं, आणि आमचं रान रस्त्याला. हो म्हणणारी मीच, हौस माझीच. मांडव पडला, माईक आला, शिट्टीवाला पंच आला. मावशी यायला तयार नव्हती. सहा जणी म्हणजे सहा जणी, असं म्हणून मीच तिला घरून ओढून आणली.

सुरू व्हायच्या आधी तिने पंचाला विचारलं, "पात झाली की मागं फिरायचं ना?"

तो हसला. म्हणाला, "मावशी, ही स्पर्धा आहे. आपापली पात आपापली. मागं फिरणारी बाद." आणि माईकवरून सगळ्यांना पुन्हा ऐकवलं.

शिट्टी झाली आणि माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. लव्हाळ्याचे नुसते शेंडे उडवत सुटले. सोयाबीनची रोपं कापली गेली, तीही स्वतःच्याच रानातली, तरी हात थांबेना. सगळ्यांच्या आधी बांधाला लागले. टाळ्या वाजल्या. सवयीने मागे वळले तर मावशी निम्म्यावरही आलेली नव्हती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पंच वहीत माझं नाव लिहीत होता. मी फिरले नाही. खुरपं पदराला पुसत उभी राहिले.

बाकीच्या चौघी आल्या. रानात ती एकटी. माईकवाला म्हणाला, "आवरा मावशी, चहा गार होतोय." लोक हसले. मीही हसले. न फिरल्याचं एक वेळ मी स्वतःला समजावते, पण त्या हसण्याचं काय करू ते मला अजून कळत नाही. ती एकही गाठ न सोडता शेवटपर्यंत आली. तोवर माझे मिक्सर धरून फोटो काढून झाले होते.

आठ-दहा दिवसांनी माझ्या दोन ओळींत लव्हाळा पुन्हा हिरवागार, आणि रोपं तुटली तिथे मोकळ्या नांग्या. मावशीच्या दोन ओळी स्वच्छ. पंच काही बघायला आला नाही.

पुढच्या सावडीला जिची पात आधी झाली ती बांधावर उभी राहून निवांत पाणी प्यायली. मी कोणत्या तोंडाने बोलणार? मग एकीने हिशोब मांडला की मावशीच्या रानात आपण पुरं राबायचं आणि ती आपल्याकडं अर्धंच काम करती, हे परवडायचं कसं. इतकी वर्षं परवडत होतं. पाच जणींची टोळी झाली, लोकांची रानं उक्ती, एकरकमी पैसे ठरवून, खुरपायला लागली. त्यात मीही. चीड येत होती आणि रोज सकाळी टोळीच्या टेम्पोत चढत होते. मावशीला कुणी नको म्हणालं नाही. बोलवायलाही कुणी गेलं नाही.

स्पर्धेने माणूस पुढं जातो, असं जो तो सांगतो. शाळेत सांगतात, भाषणात सांगतात. कुठं पुढं जातो? मी बांधापर्यंत गेले. तिथे चहा होता आणि एक खोकं होतं.

यंदा टेम्पोतून जाताना मावशी रोज दिसायची, एवढ्या रानात एकटी. तण सोयाबीनच्या वर चाललं होतं. हे पीक गेलं तर तिला दुसरं काही नाही, हे टेम्पोतल्या पाचही जणींना ठाऊक होतं, आणि आम्ही पाची जणी दुसरीकडे बघायचो. एक दिवस मी चालकाला थांबायला सांगितलं आणि उतरले.

तिच्या शेजारची पात धरली. गाठी उपसत, सावकाश. तरी माझी आधी संपली. उलट फिरले आणि तिच्या पातीला समोरून लागले. आमच्यात चार हातांचं अंतर उरलं तेव्हा ती खाली मान घालूनच म्हणाली, "मागं फिरू नको बाई, बाद व्हशील."

मग जमिनीला हात टेकून ती उठली आणि पलीकडच्या ओळीत जाऊन बसली. ते चार हात मी एकटीने खुरपले.